तीन कॉट, एक खिडकी

[दृश्य: सकाळ. सोलापूरचा एसटी स्टँड. गाड्या लागतायत, पोरं पाठीवर सॅक घेऊन उतरतायत.]

आमचा डबा एसटीनं यायचा. बार्शीची गाडी, मंगळवेढ्याची गाडी. कंडक्टरच्या सीटखालून कापडात बांधलेले डबे निघायचे. कडक भाकरी, शेंगा चटणी, सणाच्या दुसऱ्या दिवशी पुरणपोळी. डबा उचलायचा आणि वसतिगृहावर पळायचं. तीन कॉटच्या खोलीत तिघांचे डबे एकत्र उघडायचे.

२०२० च्या मार्चमध्ये कोरोनाची साथ आली आणि नोटीस लागली. वसतिगृह रिकामं करा. आम्ही कपड्यांची एकेक पिशवी घेऊन निघालो. गादी, बादली, पुस्तकं तिथंच ठेवली. पंधरा दिवसांत येऊच की!

फेब्रुवारी २०२१ मध्ये महाविद्यालयांची दारं थोडे दिवस किलकिली झाली आणि दुसऱ्या लाटेत पुन्हा लागली. नियमित वर्ग सुरू व्हायला २० ऑक्टोबर २०२१ उजाडला. मधल्या काळात ठिकठिकाणची वसतिगृहं विलगीकरण केंद्रं झाली होती. आमच्या गाद्यांवर कोण झोपून गेलं, आम्हाला कधीच कळलं नाही.

परत आलो तेव्हा खोलीच्या दाराशी सॅनिटायझरची बाटली अडकवलेली होती. जिन्यात पिवळे गोल रंगवलेले होते. आणि खोली? तीच. तीन कॉट, एक खिडकी.

[दृश्य: रिकामी खोली. मोजपट्टी जमिनीवर सरकते.]

पुढची साथ झेलेल असं वसतिगृह कसं असावं, हे शोधायचं तर आधी ही खोली आपण नीट मोजू. बारा फूट बाय दहा फूट. खिडकी चार बाय तीन. राष्ट्रीय इमारत संहिता उष्ण आणि कोरड्या भागासाठी सांगते, की खिडकी जमिनीच्या क्षेत्रफळाच्या एक दशांश तरी हवी. एकशेवीस चौरस फुटांना बारा चौरस फूट. कागदावर चोख.

पण खिडकी सरकत्या काचेची आहे. एक काच दुसरीच्या मागे जाते, म्हणजे उघडते निम्मीच. त्यावर डासांची जाळी, आणि जाळीवर वर्षाची धूळ. समोरच्या भिंतीत दार. ते बोळात उघडतं. बोळाच्या पलीकडे तशीच दुसरी खोली. वारा आत येणार कुठून आणि जाणार कुठं?

साथीच्या पहिल्या महिन्यांत आपण कड्या-कोयंडे पुसत बसलो. पुढे स्पष्ट झालं, की हा विषाणू हवेत तरंगत राहणाऱ्या सूक्ष्म कणांतूनही पसरतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ते स्पष्ट शब्दांत मांडलं. म्हणजे धोका कडीपेक्षा जास्त त्या आठ तासांत होता, ज्यात तिघं जण एकमेकांचा उच्छ्वास आत घेत झोपायचो.

बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दर दशलक्ष भागांत चारशेच्या थोडा वर असतो. दार-खिडकी लावून तिघं झोपले, की अशा खोलीत तो काही तासांत दोन हजारांच्या पुढे जातो. सकाळी डोकं जड होतं, त्याला आम्ही जागरण म्हणायचो. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेनं मे २०२३ मध्ये सांगितलं, की माणसं असतात त्या जागेत तासाला किमान पाच वेळा हवा बदलेल इतकी स्वच्छ हवा असावी. छताचा पंखा हे करत नाही. तो आहे तीच हवा गरगर फिरवतो.

[दृश्य: मे महिन्याची दुपार. सात रस्ता. तोंडाला रुमाल बांधलेले दुचाकीस्वार.]

आता तुम्ही म्हणाल, मग खिडक्या उघडा. मे महिन्यात या शहरात पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो. दुपारी खिडकी उघडली की झळा आत. ज्यांना परवडतं ते स्प्लिट एसी लावतात, आणि तो खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीतच सोडतो. साथीच्या दृष्टीनं ही सगळ्यात वाईट सोय. त्यापेक्षा खिडकीत बसवलेला साधा कूलर कितीतरी बरा. तो बाहेरची हवा ओढतो, पाण्यातून गार करतो, आणि समोर दारावर हवा जायची झडप उघडी असेल तर जुनी हवा बाहेर ढकलतो. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो खरंच गारवा देतो. फक्त त्याला पाणी लागतं. आणि ज्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही, तिथं हा छोटा प्रश्न नाही. साठवलेलं पाणी उघडं राहिलं, कूलरची टाकी आठवड्याला कोरडी केली नाही, की डेंग्यूचे डास झालेच. एका साथीपासून वाचताना दुसरीला घरात घ्यायचं नाही. त्यामुळे टाकीचं झाकण हा वसतिगृहाच्या नकाशातलाच भाग समजला पाहिजे.

[दृश्य: जुना वाडा. चौकात ऊन पडलंय. माळवदावर जाणारा अरुंद जिना.]

आमच्या भागातली जुनी घरं पाहा. जाड भिंती, वर मातीचं माळवद, मधे चौक, छतात झरोका. दिवसा घर मिटून घ्यायचं, संध्याकाळी सगळं उघडायचं, रात्री माळवदावर अंथरूण टाकायचं. तापलेली हवा झरोक्यातून वर जाते, चौकातली गार हवा आत येते. दाराशी ढेलज. आल्यागेल्यानं तिथं बसायचं, पाय धुवायचे, मग आत. नव्या वसतिगृहाला मला ही ढेलज हवी आहे. तिथं नळ असावा, बसायला कट्टा असावा. गावाहून आलेल्या आईला फाटकाबाहेर उन्हात उभं राहून लेकीशी बोलायला लागू नये.

आणि मला गिरण्यांच्या चाळीतली गॅलरी हवी आहे. सोलापुरात पहिली कापड गिरणी १८७७ साली निघाली. तेव्हापासून हे शहर दाटीनं राहायला शिकलंय. चाळीत हाल होतेच, पण एका ओळीत खोल्या आणि समोर उघडी गॅलरी असली, की दोन्ही भिंतींना खिडकी मिळते. मधल्या अंधाऱ्या बोळात ती मिळत नाही.

मजल्यावर आठ-आठ मुलांचा गट, प्रत्येक गटाचं वेगळं न्हाणीघर. एकाला ताप आला तर अख्खं वसतिगृह बंद करायची वेळ येत नाही. प्रत्येक मजल्यावर एक खोली राखून ठेवावी. आतच संडास-बाथरूम, गॅलरीकडे बसायच्या उंचीची खिडकी. आजारी पोरगा आत, मित्र बाहेर खुर्ची टाकून. ही खिडकी मला फार महत्त्वाची वाटते, कारण वेगळं ठेवणं म्हणजे कोंडणं नव्हे. नोव्हेंबर २०२० मध्ये इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठानं विद्यार्थ्यांच्या निवासाभोवती कुंपण उभारलं, आणि मुलांनी त्याच दिवशी ते पाडलं. त्या मुलांना कुणी विचारलंच नव्हतं.

[दृश्य: केगावच्या पुढे, पुणे महामार्ग. विद्यापीठाचं प्रवेशद्वार.]

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी सुरू झालं, ते एकाच जिल्ह्यासाठी. अकरा तालुक्यांतली मुलं-मुली त्याच्याशी जोडलेली आहेत. गॅलरीचं वसतिगृह महाग पडतं, तेवढ्याच जागेत खोल्या कमी बसतात. तीन कॉटच्या दोन केल्या, तर एकाची जागा जाते. आणि ही जागा जाणं म्हणजे काय, ते गावात विचारा. मुलाला निदान रोजचा एसटीचा पास काढून देतात. मुलीचं शिक्षण तिथंच थांबतं, आणि पाहुणे बघायला येतात. म्हणून कॉट कमी करा असं मी सहज म्हणू शकत नाही. ग्रॅनाइट, शोभेचं छत, दर्शनी काच यांवरचा पैसा आधी काढा, असं मात्र ठामपणे म्हणेन.

शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांना स्वाधार योजनेतून पैसे मिळतात. पण त्या पैशांत शहरात काय मिळतं? कॉट बेसिसवरची खोली, बहुतेक वेळा आमच्यासारखीच. घरमालकांना माझी विनंती आहे, नवी इमारत नको. दारावर एक झडप पाडा. सरकत्या काचेच्या जागी दोन पाखांची खिडकी लावा. न्हाणीत एक एक्झॉस्ट पंखा बसवा. कॉट अशा लावा, की एकाच्या डोक्याशी दुसऱ्याचे पाय येतील.

[दृश्य: वसतिगृहाचा जिना. पिवळे गोल अर्धे पुसलेले.]

मागच्या मे महिन्यात मी त्या खोलीवर गेलो होतो. आता दुसरीच तीन पोरं राहतात. त्यांनी खिडकीची एक काच काढून कॉटखाली ठेवली होती आणि तिथं ओला सोलापुरी टॉवेल बांधला होता. दार लावलेलं होतं तोवर टॉवेल गप्प लोंबत होता. एकानं उठून दार उघडलं, आणि टॉवेल फुगून आत आला.