होल सॉमध्ये अडकलेली चकती: ती का अडकते आणि कशी काढावी

नमस्कार. माझ्या हातात ५४ मिलिमीटरचा होल सॉ आहे, म्हणजे दरवाजाला गोल मुठीचे कुलूप बसवताना सुतार ड्रिलला लावतात तो, काठाला दात असलेल्या वाटीसारखा, आणि त्याच्या पोटात फ्लश डोअरमधून कापून निघालेली ३५ मिलिमीटर जाडीची चकती अशी बसली आहे की उलटा धरून झटकला तरी ती जागची हलत नाही. सांगली-मिरजेतल्या कोणत्याही फर्निचरच्या साइटवर थोडा वेळ थांबलात तर हा प्रकार पाहायला मिळतो, आणि त्यापुढे जे घडते तेही ठरलेले असते. कोणी सॉ फरशीवर आपटतो, कोणी दातांना पक्कड लावून ओढाओढ करतो, तर कोणी ड्रिल चालू ठेवून फिरत्या चकतीवर स्क्रू ड्रायव्हर टेकवतो. पहिल्या दोन उपायांनी सॉ बिघडतो आणि तिसऱ्याने हात.

चकती का अडकते हे आधी पाहू, कारण काढण्याची पद्धत त्यावरच ठरते. साध्या करवतीचा दात लाकडात शिरतो आणि पलीकडून बाहेर पडतो, त्यामुळे प्रत्येक फेरीत तो थोडा भुसा बाहेर टाकतो. होल सॉचा दात मात्र भोक आरपार होईपर्यंत बाहेर येतच नाही. तो त्याच गोल चरात फिरत राहतो आणि वाटीच्या बाजूला असलेल्या खाचा सोडल्यास भुशाला जायला वाट नसते. दात आलटून पालटून आत आणि बाहेर झुकवलेले असल्यामुळे चकती आणि वाटीची आतली भिंत यांच्यात केसाएवढी फट राहते. त्या फटीत बारीक भुसा ठासला गेला, की चकती पाचर मारल्यासारखी बसते. शिवाय घर्षणाने वाटी तापते, तापल्यावर किंचित प्रसरण पावते आणि गार होताना चकतीवर आवळली जाते. लाकूड दमट असेल तर ते घट्टपणात आणखी भर घालते.

ज्याकडे सहसा लक्ष जात नाही असे आणखी एक कारण आहे. मधोमध असलेले पायलट ड्रिल चकतीतून आरपार गेलेले असते आणि त्याच्या पन्हाळीत भुसा दाबून भरलेला असतो. म्हणजे चकती बाहेरून वाटीने आणि आतून पायलटने, अशी दोन ठिकाणी धरलेली असते. आपण बाहेरच्या बाजूने कितीही खटपट केली तरी मधली पकड कायम राहते.

म्हणून पहिले काम पायलट काढण्याचे. त्याआधी ड्रिलची बॅटरी काढून बाजूला ठेवावी, किंवा वायरचे यंत्र असेल तर पिन सॉकेटमधून उपसावी. आर्बरच्या, म्हणजे वाटी आणि पायलट ज्यावर बसतात आणि जो ड्रिलमध्ये धरला जातो त्या दांड्याच्या, बाजूला एक छोटा स्क्रू असतो. तो अॅलन कीने सैल केला, की पायलट ड्रिल पुढच्या बाजूने, भोक पाडताना फिरते त्याच दिशेने हाताने फिरवत बाहेर काढता येते. पुष्कळदा एवढ्यानेच चकती सैल होते आणि बाजूच्या खाचेतून स्क्रू ड्रायव्हरचे टोक घालून एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने थोडी थोडी उचलत नेली की निघते. इथे एकाच खाचेतून जोर लावू नये. चकती तिरकी झाली की ती वाटीत आडवी रुतते, आणि मग ती सरळ बसलेल्या चकतीपेक्षाही अवघड जाते.

(कॅमेरा वाटीच्या तोंडाशी. चकतीवर दोन लांब स्क्रू ठेवलेले दिसतात.)

आता ही आपली चकती. पायलट काढले, दोन्ही खाचांतून उचलून पाहिले, तरी ती हलत नाही. अशा वेळी मला सर्वांत खात्रीची वाटलेली पद्धत दोन स्क्रूंची आहे. जिप्सम बोर्डला वापरतात ते काळे लांब स्क्रू घ्यावेत, लांबी चकतीच्या जाडीपेक्षा निदान १५ मिलिमीटरने जास्त असावी. मधल्या भोकाच्या दोन्ही अंगांना, समोरासमोर, हे स्क्रू चकतीत पिळत न्यावेत. स्क्रूचे टोक वाटीच्या तळाच्या पत्र्याला टेकले, की स्क्रूला पुढे जायला जागा उरत नाही. पण आपण तो फिरवतच राहिलो तर त्याचे आटे चकतीला आपल्याकडे उचलू लागतात. हे पाहा, डावीकडचा स्क्रू अर्धा फेरा, मग उजवीकडचा अर्धा फेरा, आणि कडेला भुशाची एक बारीक रेघ सुटलेली दिसते. चकती हलल्याची ती पहिली खूण आहे. यापुढे घाई करू नये. आलटून पालटून अर्धा अर्धा फेरा देत गेल्यास चकती सरळ वर येते.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. मोठ्या सॉच्या तळाला आर्बरच्या पिनांसाठी भोके असतात. स्क्रूचे टोक नेमके रिकाम्या भोकासमोर आले तर ते पलीकडे निघून जाते आणि उचलण्याचे काम होत नाही. म्हणून सॉ मागून पाहून भोके कुठे आहेत ते आधी हेरून ठेवावे. दुसरे म्हणजे सागवानासारखे कठीण लाकूड असेल तर आधी ३ मिलिमीटरचे भोक पाडून घ्यावे, नाहीतर चकती फुटते किंवा स्क्रूचे डोके तुटते. ज्या दरवाजांनी २०१९ किंवा २०२१ चा कृष्णेचा पूर पाहिला आहे, त्यांचे प्लायचे थर आतून सुटलेले असू शकतात. अशा चकतीत आखूड स्क्रू घातला तर वरचा पापुद्रा तेवढा हातात येतो आणि बाकीची चकती तळाशी राहते. तिथे लांब स्क्रूला पर्याय नाही, आणि खरे तर अशा दरवाजाला नवे कुलूप बसवण्यापूर्वी दरवाजाचाच विचार करावा.

काही कारागीर आर्बर पूर्ण काढून त्याच्या जागी मागून बोल्ट फिरवतात आणि बोल्टच्या टोकाने चकती पुढे ढकलतात. कल्पना उत्तम आहे, पण बोल्ट योग्य आट्यांचाच हवा. साधारणपणे ३० मिलिमीटरपर्यंतच्या सॉला अर्धा इंच आणि इंचाला २० आटे, तर ३२ मिलिमीटर व त्यापुढच्या सॉला पाच अष्टमांश इंच आणि इंचाला १८ आटे असतात. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळणारा १६ मिलिमीटरचा बोल्ट त्या मोठ्या भोकात बसेलसा दिसतो, पण त्याचे आटे २ मिलिमीटर अंतराने असतात आणि सॉचे सुमारे १.४ मिलिमीटरने. पान्याने जोर देऊन तो घातला तर चकती निघो न निघो, सॉचे आटे मात्र जातात.

धातूच्या चकतीचा स्वभाव निराळा असतो. इलेक्ट्रिक पॅनेलच्या पत्र्याला भोक पाडले की सुटलेली पातळ चकती वाटीत तिरकी होऊन बसते. तिची वर आलेली कड हातोडीच्या लाकडी दांड्याने हलकेच दाबली, की ती सरळ होते आणि खाचेतून निघते. जाड पट्टीची चकती असेल तर तळाच्या भोकांतून बारीक पंच घालून, एकदा या भोकातून आणि एकदा त्या भोकातून ठोकावे. ठोके हलके असावेत आणि दात कशालाही टेकलेले नसावेत, कारण बायमेटल सॉच्या दातांची कड हायस्पीड स्टीलची, कठीण पण ठिसूळ असते. आणि एक साधी गोष्ट: ताजी कापलेली लोखंडाची चकती बोट भाजण्याइतकी गरम असते. ती गार होऊ द्यावी.

धातूत चकती अडकण्याचे मूळ बहुधा वेगात असते. मऊ पोलादात २५ मिलिमीटरच्या बायमेटल सॉला मिनिटाला सुमारे ३५० फेरे पुरतात, ५० मिलिमीटरच्या सॉला त्याच्या निम्मे, आणि स्टेनलेस स्टील असेल तर त्याच्याही निम्मे. कॉर्डलेस ड्रिल दुसऱ्या गिअरवर ठेवून पूर्ण ट्रिगर दाबणारा माणूस या आकड्यांच्या कितीतरी पुढे असतो. कटिंग ऑइलचे चार थेंब आणि पहिला गिअर एवढ्याने दातही टिकतात.

लाकडात तर चकती अडकूच नये अशी व्यवस्था आधीच करता येते.

(जवळून दृश्य: प्लायवर काढलेले वर्तुळ आणि त्याच्या आतल्या कडेला पाडलेले लहान भोक.)

सॉ टेकवून दोन-तीन मिलिमीटर चर पाडून घ्यावा आणि थांबावे. मग चराला चिकटून, पण चकतीच्या बाजूला, ८ किंवा १० मिलिमीटरचे एक आरपार भोक पाडावे. दोन पाडली तर अधिक चांगले. पुन्हा सॉ चालवला की प्रत्येक दात फिरत त्या भोकावर येतो आणि सोबतचा भुसा तिथून खाली सोडतो. चरात धूर होत नाही, कापण्याचा वेग स्पष्टपणे वाढतो आणि चकती बहुतेक वेळा बोटांनी निघते. भोक टाकाऊ भागात असल्याने कामावर त्याची खूण राहत नाही. एवढा सोपा उपाय फार थोडे लोक वापरतात, याचे मला नवल वाटते.

दरवाजाच्या बाबतीत दोन्ही बाजूंनी कापणे हा दुसरा उपाय. पायलटचे टोक पलीकडे दिसले, की थांबून तेच भोक धरून दुसऱ्या बाजूने कापायला घ्यावे. दोन्ही चर मध्ये मिळतात तेव्हा चकतीचा बराचसा भाग वाटीच्या बाहेर राहतो, त्यामुळे ती पकडीने धरता येते. शिवाय मागच्या बाजूचा विनियर उचकटत नाही. वाटीच्या आतून मेणबत्ती घासून ठेवल्यानेही फरक पडतो. तेल किंवा सिलिकॉनचा फवारा मात्र पॉलिश होणाऱ्या लाकडाजवळ नको, कारण त्या जागी पुढे पॉलिश धरत नाही.

चकती बाहेर ढकलण्यासाठी पायलटवर घालायची स्प्रिंग बाजारात मिळते. पत्रा आणि पातळ प्लाय यांसाठी ती ठीक आहे, पण ३५ मिलिमीटरच्या दरवाजात दाबलेली स्प्रिंगच वाटीतली जागा खाते, आणि बहुतेक सॉची खोली ४० मिलिमीटरच्या आसपासच असते. दिवसभर भोके पाडणाऱ्याने त्यापेक्षा वाटी मागे सरकणारा आर्बर घ्यावा. त्यात वाटी मागे ओढली की चकती पायलटवर उघडी राहते.

शेवटी लहान सॉविषयी. ३० मिलिमीटरच्या आतल्या सॉला पिना नसल्याने काम करताना तो आर्बरवर आवळत जातो, आणि चकती काढण्यासाठी आर्बर सोडवायचा म्हटले तर सॉच सुटत नाही. बसवतानाच वाटी आणि आर्बरचा खांदा यांच्यामध्ये एक पातळ नायलॉनचा वॉशर ठेवावा. आधीच आवळला गेला असेल तर आर्बरचा षटकोनी भाग व्हाइसमध्ये धरावा, बाजूच्या खाचेतून जाड स्क्रू ड्रायव्हर आडवा घालावा आणि वाटी डावीकडे फिरवावी. पाइपचा पाना वाटीला लावू नये. तिची भिंत पातळ असते, एकदा चेपली की सॉ पुन्हा गोल कापत नाही.