आधी बायबल, मग जहाज

अठराव्या शतकात जर्मनीतून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात आलेल्या पूर्वजांचा माग काढायचा, तर सुरुवात घरातल्या कागदांपासून; ते कोणत्या जहाजानं आले, हे नंतर. हे बायबल तिथल्याच फिलाडेल्फिया शहराजवळच्या जर्मनटाउनचं. क्रिस्टोफर सावर या जर्मन मुद्रकानं १७४३ मध्ये ते पहिल्यांदा छापलं. १७६३ आणि १७७६ मध्ये पुढच्या आवृत्त्या निघाल्या. अशा बायबलांच्या कोऱ्या पानांवर घरातले जन्म, लग्नं, मृत्यू लिहिलेले असतात. पण आधी छपाईचं साल बघायचं. बायबल १७७६ चं आणि पहिला जन्म १७३८ चा, तर ती नोंद मागाहून केलेली. सगळ्या नोंदी एकाच शाईत, एकाच हाताच्या असतील, तर त्या एका बैठकीत उतरवलेल्या असण्याची शक्यता मोठी. अशी तारीख दुसऱ्या कागदाशी ताडून बघायलाच हवी.

नोंदींचं पान फाडून काढलेलं आहे? मग अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धातल्या सैनिकांच्या पेन्शनच्या फायली उघडा. विधवांनी लग्नाचा पुरावा म्हणून ही पानं सरकारकडे पाठवली. त्यातली कित्येक आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत.

आता हा रंगीत कागद. ट्यूलिपची फुलं, पक्षी, मधोमध वळणदार जर्मन अक्षरं. हा ताउफशाइन, म्हणजे जन्म-बाप्तिस्म्याचा दाखला. बऱ्याच घरांत तो पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलेला असे. यात बापाचं नाव असतं, आणि बहुतेक वेळा आईचं माहेरचं आडनावही. जहाजांच्या याद्यांत बाईचं नाव क्वचितच सापडतं. त्यामुळे या एका ओळीची किंमत फार मोठी आहे. खाली पाळकाचं नाव, आणि बाप्तिस्म्याचे साक्षीदार. त्यांची नावं आधी टिपून घ्या. हे साक्षीदार पुष्कळदा नातेवाईक, नाहीतर जर्मनीतल्या त्याच गावचे शेजारी असत. म्युलर आडनावाचा माणूस शोधणं कठीण. त्याच्या साक्षीदाराचं विरळ आडनाव तुम्हाला थेट गावापर्यंत नेऊ शकतं.

दाखल्यावर ‘हायडेलबर्ग’ दिसलं की लगेच जर्मनीकडे धावू नका. पेनसिल्व्हेनियातच हायडेलबर्ग नावाच्या अनेक टाउनशिप, म्हणजे काउंटीतले छोटे विभाग, आहेत. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, सीमाही बदलत गेल्या. लँकेस्टर काउंटी १७२९ ची, बर्क्स १७५२ ची, लेबनन तर १८१३ ची. शेत जागचं हललं नाही, तरी त्याचे जुने कागद शेजारच्या काउंटीत असतात.

हस्तलिखित नोंदी कुरेंट या जुन्या जर्मन हातलिखाणाच्या लिपीत असतात. छापील जर्मन वाचणाराही इथे अडतो, जसा देवनागरी वाचणारा मोडीपुढे. यातला ‘ई’ (e) हा ‘एन’सारखा (n) दिसतो, ‘यू’ (u) ओळखायचा तो डोक्यावरच्या छोट्या कमानीवरून. म्हणून छापील नकलेवर थांबू नका, मूळ पानाचा फोटो मिळवा.

एवढं हाती आल्यावरच जहाज. सप्टेंबर १७२७ पासून फिलाडेल्फियात उतरणाऱ्या सोळा वर्षांवरच्या जर्मन पुरुषांना ब्रिटिश राजाशी निष्ठेची शपथ घ्यावी लागे. एका जहाजाच्या तीनपर्यंत याद्या मिळतात: एक कप्तानाची, दोन शपथेच्या. कप्तानाच्या यादीत नावं इंग्रजी कानाला ऐकू आली तशी. शपथेच्या यादीत मात्र माणसाची स्वतःची सही. ही सही मृत्युपत्रावरच्या सहीशेजारी ठेवा. लिहिता न येणारा फक्त खूण करी आणि नाव कारकून लिही. तिथे ही ताडणी चालत नाही. योहानेस म्युलर एकापेक्षा जास्त जहाजांवर आहेत. नाव जुळलं एवढ्यावरून जहाज ठरवायचं नाही. वंशावळी सर्वांत जास्त इथेच चुकतात.

प्रवासभाड्यासाठी यातल्या अनेकांनी वर्षानुवर्षं बांधील चाकरी केली. ज्या जमिनीवर ते वसले, ती तिथल्या मूळ रहिवासी लेनापे लोकांच्या हातून गेली होती.

आणि हे जर्मनीतल्या चर्चचं नोंदपुस्तक. पुष्कळ गावांत अशी पुस्तकं १६४८ नंतरचीच उरली; तीस वर्षांच्या युद्धानं आधीची संपवली. बाप्तिस्मा सापडला, आईबापांची नावंही जुळली, तरी लगेच वंशावळीत भरू नका. त्याच गावाची दफननोंद पुढची वीस वर्षं वाचून काढा. ते मूल लहानपणीच वारलेलं असेल, तर तो तुमचा पूर्वज नाही. काही पाळकांनी नावाशेजारी ‘पेनसिल्व्हेनियाला गेला’ असं लिहून ठेवलं आहे. ते समासात असतं, बारीक अक्षरात, आणि सूचीत बहुधा येत नाही.