खरेदीखतातलं कुलूप

न्यू ब्रन्सविक, न्यू जर्सी. रटगर्स विद्यापीठाचं हे गाव. शेजारच्या एडिसनमध्ये आज मराठी माणूसही बराच भेटतो.

गावाच्या ऐन मध्यात जॉर्ज स्ट्रीट. इथं डेव्हिडसन ब्रदर्सचं सुपरमार्केट होतं. त्यांचंच दुसरं, साधारण दोन मैलांवर, एलिझाबेथ स्ट्रीटला. जॉर्ज स्ट्रीटचं दुकान तोट्यात गेलं आणि बंद झालं. धंदा म्हटलं की हे व्हायचंच.

१९८० मध्ये ती जागा गालिचे विकणाऱ्या एका कंपनीला विकली गेली. खरेदीखतात मात्र एक अट घातली होती: पुढची ४० वर्षं इथं सुपरमार्केट किंवा त्या धर्तीचं किराणा दुकान चालवायचं नाही. म्हणजे थेट २०२० पर्यंत! मालक बदलला तरी अट जागेला चिकटलेलीच.

स्वतः खाईना, दुसऱ्याला खाऊ देईना, असं वाटेल. पण इथं हिशेब पक्का होता. जॉर्ज स्ट्रीटचं गिऱ्हाईक जाणार कुठं? एलिझाबेथ स्ट्रीटला. गाडीवाल्याला दोन मैल म्हणजे काहीच नाही. पण मध्यवस्तीतले बरेच लोक बेताच्या कमाईचे, दारात गाडी नसलेले. एका हातात बटाट्यांची पिशवी, दुसऱ्या हातात दुधाचा कॅन, आणि घर दोन मैलांवर. करून बघा.

१९८६ मध्ये गावच्या गृहनिर्माण प्राधिकरणानं ती जागा विकत घेतली आणि सी-टाउन या सुपरमार्केटला भाड्यानं दिली. भाडं किती? वर्षाला एक डॉलर. डेव्हिडसन ब्रदर्स कोर्टात गेले.

१९९० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानं अशा अटी सरसकट मोडीत काढल्या नाहीत. प्रत्येक अट वाजवी आहे का, लोकांच्या हिताला बाधते का, हे तपासा, असं सांगून खटला खाली पाठवला. १९९४ मध्ये अपील न्यायालयानं ही अट गैरवाजवी ठरवली. अट घातल्यापासून तोवर चौदा वर्षं गेली होती, आणि निकाल लागला तो त्या एकाच जागेपुरता. शेजारच्या गावानं पुन्हा आपला वकील गाठायचा.

म्हणून काही ठिकाणी थेट कायद्यालाच हात घातला गेला. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांतानं २०२५ मध्ये किराणा दुकानांच्या जागांवरच्या अशा बंधनांविरुद्ध वेगळा कायदा केला. ब्रिटननं मोठ्या सुपरमार्केटांना २०१० मध्येच आदेश काढून आवरलं होतं. तो आदेश टेस्कोनं २३ वेळा मोडल्याचं तिथल्या स्पर्धा प्राधिकरणानं २०२० मध्ये जाहीर केलं.