हिरवा काठ म्हणजे निरोगी काठ नव्हे

नमस्कार मंडळी! आज जरा नदीकाठच्या झाडाझुडपांबद्दल बोलू, आणि लांब कुठे नको, आपल्या पुण्याच्या मुठेबद्दलच बोलू.

पुलावरून खाली बघितलं की उन्हाळ्यातसुद्धा नदी हिरवीगार दिसते, कुणी पाहुणा आला तर म्हणेल वा काय निसर्ग आहे! पण नीट बघा, ती सगळी एकच वनस्पती आहे, जलपर्णी. मूळची दक्षिण अमेरिकेतली. सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतं, म्हणजे शेतात टाकतो तेच खत, फक्त इथे ते चोवीस तास फुकट मिळतं. त्यावर जलपर्णी दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, पाण्यावर झाकण बसतं, खाली ऊन पोचत नाही, मग पाण्याखालच्या वनस्पती मरतात, त्या कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातात आणि मासेही जातात. म्हणजे जास्त खतामुळे जास्त जाती वाढतात असं नाही हं, दोन-तीन दांडगट वाढतात आणि बाकीच्यांना जागाच उरत नाही.

आता मातीचं बघू, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच नसतं. चांगल्या काठावर एकाच प्रकारची माती नसते. कुठे बसाल्टचा कातळ, कुठे रेती, कुठे गाळाची मळई, आणि प्रत्येक ठिकाणी राहणारे वेगळे. शेरणीचं झुडूप कातळाच्या फटीत मुळं रोवून बसतं, फांद्या इतक्या लवचिक की पुरात आडवं होतं आणि पाणी ओसरलं की परत उभं. चिखलात हवा नसते, तिथे पाणकणीस टिकतं कारण त्याच्या आत हवेच्या पोकळ्या असतात, त्यातून हवा थेट मुळांपर्यंत जाते. वाळुंजाचं बी तर कापसाच्या म्हातारीसारखं उडतं पण फार दिवस जगत नाही, त्याला लगेच ओला, मोकळा गाळ मिळाला तरच रोप धरतं. त्याच्या वर, जरा कोरड्यात, करंज, जांभूळ, उंबर.

आणि आपण तिथे काय टाकतो? राडारोडा! विटा, सिमेंट, फरशीचे तुकडे, वरून जेसीबी फिरवून दाबलेलं सगळं. त्या सिमेंटमधल्या चुन्याने माती अल्कधर्मी होते, दाबल्यामुळे पाणी मुरत नाही, मग वाळुंजाच्या बीला गाळ कुठून मिळणार? तिथे येतं सुबाभूळ, एरंड, बेशरम आणि गाजरगवत. हे गाजरगवत भारतात फोफावताना पहिल्यांदा लक्षात आलं ते पुण्यातच, 1955 च्या सुमारास, तेवढा मान आपला आहे बरं का!

दरवर्षी मशीन लावून जलपर्णी काढतात, काढायलाच हवी, डास होतात. पण माझं स्पष्ट मत आहे की नाले तसेच सोडून नुसती जलपर्णी काढणं म्हणजे नळ चालू ठेवून फरशी पुसणं. त्यातही काढलेला ढीग बऱ्याचदा काठावरच पडून असतो. तो तिथे कुजला की शोषलेलं नायट्रोजन-फॉस्फरस पहिल्या पावसात पुन्हा नदीत. तेव्हा तुमच्या भागात जलपर्णी काढायचं काम चालू असेल तर एवढंच विचारा, ढीग कधी उचलणार आणि कुठे नेणार?