बेसमेंटचं पाणी जातं कुठे?

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिना लागला की सोसायट्यांमध्ये गच्चीच्या वॉटरप्रूफिंगची लगबग सुरू होते. सगळ्यांच्या नजरा वर. खालच्या पार्किंगकडे मात्र सहसा कुणी डोकावत नाही. आज आपण तिकडे उतरू या.

रस्त्यावरच्या गटाराला उतार असला की पाणी आपसूक नाल्याला मिळतं. बेसमेंट रस्त्याखाली असतं, त्यामुळे तिथे ही सोय नाही. रॅम्पवरून वाहत आलेलं, चाकांबरोबर आलेलं, भिंतीतून झिरपलेलं पाणी चरातून संपमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या खड्ड्यात, जमतं आणि पंपाने वर उपसावं लागतं. हिशेब करून पाहा. रॅम्प 6 मीटर रुंद, 20 मीटर लांब आणि उघडा असेल, आणि तासात 50 मिलिमीटर पाऊस पडला, तर नुसत्या रॅम्पवरून 6 हजार लिटर पाणी खाली येतं. वरच्या रस्त्यावरचं पाणी आत वळलं तर ते वेगळंच.

रॅम्पच्या पायथ्याशी असलेल्या चराची जाळी उचलून बघा. वरून ती चांगली दिसते. खाली धूळ आणि इंजिन ऑइल मिळून झालेला काळा चिकट लगदा, त्यात गुटख्याच्या पुड्या, सुकी पानं आणि गाडी पुसायचं फडकं. इथे बहुतेक ठिकाणी एक घोटाळा होतो: नळी लावून सगळं धुऊन काढतात. चर स्वच्छ दिसतो, गाळ मात्र संपमध्ये जाऊन पंपाच्या तोंडाशी बसतो. आधी कोरडा गाळ फावड्याने घमेल्यात भरा, पाणी नंतर. आणि जाळीवर कुणाची गाडी कायम उभी असेल, तर त्या दिवसापुरती ती हलवायला सांगा; भांडण होईल, होऊ दे.

आता पंप. स्विच दाबल्यावर तो घुर्र करतो म्हणून समाधान मानू नका. संपमध्ये पाणी भरू द्या आणि फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारा स्विच, वर येऊन पंप आपोआप सुरू होतो का, ते उभं राहून पाहा. फ्लोट वायरीत अडकलेला असतो, नाहीतर तेलकट राड्याने जड झालेला. पंप थांबल्यावर पाणी पुन्हा खाली येत असेल, तर ते उलट येऊ न देणारा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गेला. पावसात वीज जातेच, तेव्हा पंप जनरेटरवर जोडलाय का, हेही विचारा.

संपमध्ये माणूस मात्र उतरवू नका. साचलेल्या गाळातून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो, जास्त झाला की नाक बधिर होतं आणि वासच येईनासा होतो. म्हणजे वास नाही, म्हणून धोका नाही असं नसतं. गाळ वरूनच सक्शन मशीनने काढून घ्या.

हे सगळं करूनही एखाद्या दिवशी पाऊस भारी पडतोच. 2005च्या 26 जुलैला मुंबईत सांताक्रूझला 944 मिलिमीटर झाला होता. सप्टेंबर 2022मध्ये दक्षिण कोरियातल्या पोहांगमध्ये वादळी पावसात लोक गाड्या काढायला भूमिगत पार्किंगमध्ये उतरले आणि त्यात सात जण गेले. रॅम्पवरून पाण्याचा लोंढा येताना दिसला, तर गाडी राहू द्या. वॉचमनला वरूनच मेन स्विच बंद करायला सांगा आणि खाली कुणालाही जाऊ देऊ नका. पाणी ओसरल्यावरही बुडालेली गाडी सुरू करू नका, इंजिनात पाणी असतं. टो करूनच बाहेर काढा.