सात वर, आठ खाली

२२ ऑक्टोबर २०२२. बीजिंगचा ग्रेट हॉल. चिनी कम्युनिस्ट पक्षाच्या विसाव्या अधिवेशनाचा शेवटचा दिवस. शी जिनपिंग यांच्या शेजारी बसलेत माजी अध्यक्ष हू जिंताओ. वय ७९. समोरच्या फाइलकडे त्यांचा हात जातो, तर शेजारचा नेता ती अलगद सोडवून घेतो. मग त्यांना दंडाला धरून उठवलं जातं. जाता जाता ते पंतप्रधान ली कछ्यांग यांच्या खांद्यावर थोपटतात. आणि दाराकडे वळतात.

प्रकृती बरी नव्हती, असं सरकारी वृत्तसंस्थेनं सांगितलं. पण ते दृश्य पाहताना आजही पोटात कालवतं.

चिनी माणूस जीव टांगणीला लागला की म्हणतो, 'सात वर, आठ खाली'. विहिरीवर पंधरा बादल्या, सात वर येतायत, आठ खाली जातायत. पक्षात या शब्दांना वेगळाच अर्थ चिकटला. अधिवेशनाच्या वेळी वय ६७ असेल तर पदावर राहा, ६८ झालं की निघा. २००२ साली पक्षाच्या वरच्या फळीतले ६८ वर्षांचे ली रुइहुआन असेच घरी गेले.

माओ १९७६ मध्ये गेले तेव्हा ८२ वर्षांचे होते, आणि शेवटपर्यंत पदावर. ते पुन्हा नको, म्हणून डेंग शिओपिंग यांच्या काळात, १९८२ च्या राज्यघटनेत, अध्यक्षाला सलग दोनच कार्यकाळ ठेवले. ते कलम लिहिलेलं होतं. वयाची अट मात्र नुसता रिवाज.

लिहिलेलं कलम काढायला निदान मतदान तरी घ्यावं लागलं. मार्च २०१८ : बाजूनं २,९५८, विरोधात २. रिवाजाला तेवढंही लागलं नाही. २०२२ मध्ये ६९ वर्षांचे शी राहिले, ७२ वर्षांचे जनरल झांग यौशिया पॉलिटब्युरोत, म्हणजे पक्षाच्या वरच्या नेतृत्वमंडळात, राहिले. आणि ६७ वर्षांचे ली कछ्यांग, म्हणजे जुन्या हिशेबानं 'वर' राहू शकणारा माणूस, बाहेर पडले. वर्षभरानं शांघायमध्ये त्यांचं निधन झालं.

२००७ साली शी आणि ली कछ्यांग स्थायी समितीत, म्हणजे पक्षाच्या सर्वोच्च मंडळात, आले, तेव्हाच पुढची पिढी कोणती ते देशाला कळलं होतं. आज त्या समितीतल्या सात जणांत वारस म्हणून बोट दाखवावं असं कुणी नाही. कारखान्यातला कामगार मात्र सरकारी तक्त्यात आपला जन्ममहिना शोधतो आणि आपण कुठल्या महिन्यात निवृत्त होणार ते बायकोला सांगतो. २०२५ पासून पुरुषांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६३ कडे टप्प्याटप्प्यानं चाललंय.

पुढचं अधिवेशन २०२७ मध्ये. शी तेव्हा ७४ वर्षांचे असतील.