चौघींची साक्ष, अँटेना एकच

[दृश्य: रात्र. बंदराच्या तोंडाशी आलेलं मालवाहू जहाज. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या खोलीत, जीपीएस रिसीव्हरचा पडदा.]

पडद्यावर अक्षांश-रेखांश ठळक दिसतात. पण जाणता अधिकारी आधी शेजारचा बारीक आकडा बघतो: एचडीओपी, म्हणजे उपग्रहांच्या मांडणीमुळे जागेतली चूक किती वाढू शकते त्याचं माप. उपग्रह आकाशात चहूकडे पांगलेले असले, की तो एकच्या आसपास राहतो. सगळे एकाच बाजूला गोळा झाले, की आकडा चढतो आणि जागेची खात्री उतरते.

भर समुद्रात ही अडचण सहसा येत नाही. ती येते बंदरात. इकडे कडा, तिकडे क्रेन, डेकवर कंटेनरच्या चळती. अर्धं आकाश झाकलेलं. आणि अचूकता हवी ती नेमकी इथेच. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या निकषात खोल समुद्रात १०० मीटरची चूक चालते, बंदराच्या वाटेवर १० मीटरची.

म्हणून जीपीएसच्या जोडीला रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ, चीनची बेईदोऊ. उपग्रह वाढले, काम झालं? तसं नाही. प्रत्येक यंत्रणेचं घड्याळ वेगळं. जागा काढायची ती सिग्नलला लागलेल्या वेळेवरून, आणि त्यात सेकंदाचा दहालाखावा भाग चुकला तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. एकट्या जीपीएसला चार उपग्रह पुरतात. दुसरी यंत्रणा आली, की दोन घड्याळांतला फरक काढण्यात एक उपग्रह खर्ची पडतो. पुढचे सगळे नफ्यात.

खरा नफा मात्र अचूकतेपेक्षा पडताळणीचा. एप्रिल २०१४ मध्ये ग्लोनासचे उपग्रह जवळपास ११ तास स्वतःचीच जागा चुकीची सांगत होते. जुलै २०१९ मध्ये गॅलिलिओची सेवा काही दिवस बंद पडली. बाकीच्यांची साक्ष हाताशी असली, तर चांगला रिसीव्हर अशी चूक पकडतो आणि तो उपग्रह हिशेबातून काढून टाकतो.

[दृश्य: मास्टवरचा अँटेना, खाली उतरणारी केबल.]

पण अँटेना एकच असला तर? १९९५ मध्ये ‘रॉयल मॅजेस्टी’ या प्रवासी जहाजावर जीपीएस अँटेनाची केबल निसटली. रिसीव्हर वेग आणि दिशेवरून अंदाजाने जागा दाखवत राहिला, आणि ते कोणाच्या लक्षात आलं नाही. बोस्टनला निघालेलं जहाज मार्गापासून सुमारे १७ मैल भरकटून नॅन्टकेटजवळ उथळ पाण्यात रुतलं. तिथे चार यंत्रणा असत्या, तरी त्या एका केबलीबरोबर चौघीही गेल्या असत्या. जॅमिंगचंही, म्हणजे रेडिओ गोंगाट सोडून सिग्नल दाबण्याचंही, तेच: चौघींचे सिग्नल क्षीण, आणि फ्रिक्वेन्सीही जवळजवळच्या.

म्हणून बंदरात शिरताना रडारवर दीपस्तंभाचं अंतर आणि दिशा घेतात, पडद्यावरच्या जागेशी ताडतात. फरक निघाला तर आधी वेग उतरवतात. चुकलं कोण, ते मागाहून.